बॅटरी खरंच गेली का? मल्टिमीटर, टेस्टर आणि दुकानातली फुकट तपासणी

गाडीच्या बॅटरीत पैसे दोन तऱ्हांनी वाया जातात. धडधाकट बॅटरी "तीन वर्षं झाली ना, आता बदलून टाका" या सल्ल्यावर भंगारात जाते. नाहीतर मेलेली बॅटरी महिनाभर जंपर केबल लावून ओढली जाते आणि तिला भरता भरता अल्टरनेटरही (गॅरेजच्या भाषेत डायनॅमो) तापत राहतो. छोट्या पेट्रोल गाडीची 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) बॅटरी जुनी परत देऊन चार-पाच हजारांना पडते, डिझेलची किंवा स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीची) त्याहून बरीच महाग. एवढा खर्च करण्याआधी बॅटरीची परीक्षा घ्यायची चार साधनं सहज मिळतात: बॅटरीवरचा रंगीत डोळा, साधा मल्टिमीटर, दोन-चार हजारांचा डिजिटल टेस्टर आणि बॅटरीवाल्याकडची मोफत तपासणी. यातलं कुठलं किती भरवशाचं, ते इथे पाहू.

आधी एक अट. चार्ज न करता घेतलेली कुठलीही परीक्षा निकाल देण्याच्या लायकीची नसते. दिवे चालू राहून उतरलेली बॅटरी आणि आतून संपलेली बॅटरी उतरलेल्या अवस्थेत जवळपास सारख्याच दिसतात. 35 एएचच्या बॅटरीला साडेतीन-चार अँपिअरने दहा-बारा तास चार्जिंग द्यायचं, मग निगेटिव्ह केबल काढून रात्रभर तशीच ठेवायची. "चार्जिंगला वेळ नाही, नवीच टाका" असं कोणी म्हणत असेल, तर ते मत विक्रेत्याचं समजावं.

रंगीत डोळा

हिरवा म्हणजे चार्ज, काळा म्हणजे उतरलेली, पांढरा किंवा पिवळसर म्हणजे आतलं पाणी कमी. ऐकायला सोपं आहे, पण हा डोळा बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी (सेलपैकी) एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो, त्यामुळे हिरवा डोळा आणि मेलेला सेल एकाच बॅटरीत सुखाने नांदू शकतात. तो पांढरा झाला असेल आणि बॅटरीला पाणी भरायची झाकणं नसतील, तर मात्र नवीच घ्यावी लागते. त्यापलीकडे या डोळ्यावर विसंबू नये.

झाकणं असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटर जास्त खरं बोलतो. दीड-दोनशे रुपयांची ही काचेची नळी प्रत्येक सेलचं वेगळं मोजमाप देते. पूर्ण चार्ज बॅटरीत आम्लाची घनता (पाण्याच्या तुलनेत) साधारण 1.250 ते 1.280 येते. सगळे सेल सारखेच कमी असतील तर चार्जिंग अपुरं आहे. एकच सेल इतरांपेक्षा 0.050 किंवा जास्त खाली असेल तर तो सेल गेला. मोजताना हातमोजे आणि चष्मा घाला. आत गंधकाम्ल असतं, कपड्याला लागलेल्या थेंबाचं भोक दोन धुण्यांनंतर दिसतं.

मल्टिमीटर: पाचशेच्या आतलं सर्वांत उपयोगी यंत्र

डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर, रात्रभर उभ्या गाडीत, बोनेट उघडून सकाळी पहिल्यांदा मोजायचं. 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे पाव. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो. तेव्हा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं, मग मोजायचं. पूर्ण चार्जिंगनंतरही आकडा 10.5 च्या आसपास अडकला, तर एक सेल शॉर्ट झालाय; सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या वर, हा हिशेब तिथे लगेच दिसतो. अशा बॅटरीवर आणखी चार्जिंगचा प्रयोग करू नका, बाकीचे पाच सेल उकळतात.

लोक इथे चुकतात ते 12.6 दिसले की निर्धास्त होऊन. उभ्या गाडीतला व्होल्टेज टाकीत पाणी किती ते सांगतो, नळातून धार किती येईल ते सांगत नाही. प्लेटांवर कडक सल्फेट चढलेली किंवा जाळी गंजलेली बॅटरी 12.6 दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. म्हणून दुसरं मोजमाप सेल्फ मारताना घ्यायचं. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटरकडे पाहायचं. अगदी पहिल्या क्षणी आकडा खोल जातो, तो सोडून द्या. इंजिन फिरताना जो स्थिरावतो तो पाहा. 10 च्या वर असेल तर उत्तम. 9.6 ही शेवटची रेषा. चार्ज केलेली बॅटरी त्याखाली जात असेल तर तिचे दिवस भरलेत. स्वस्त मीटरचा पडदा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो आणि आजच्या पेट्रोल गाड्या सेकंदभरात सुरू होतात, तेव्हा कमाल-किमान साठवून ठेवणारा मीटर मिळाला तर दोन-तीनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

निकाल लावण्याआधी केबल तपासा. बॅटरीवर खापर फुटतं त्यातल्या कितीतरी वेळा दोष टर्मिनलचा असतो. मीटरची एक सुई थेट शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारा. दोघांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर जोड खराब. तसंच निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचा ब्लॉक. तिथे फरक जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे, आणि कोकणातल्या दमट हवेत हे फार होतं. पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, खुंटी कोरडी करून घासा, क्लॅम्प आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. बहुतेक छोट्या गाड्यांना 10 नंबरचा पाना पुरतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

इंजिन चालू असताना टर्मिनलवर 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. 13 च्या खालीच राहत असेल तर बॅटरी उपाशी आहे, 15 च्या वर जात असेल तर ती शिजतेय. दोन्ही वेळी नवी बॅटरी टाकून काही साधत नाही, तीही वर्षभरात तशीच होते. मात्र आता बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर संगणक चालवतो आणि इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. अशा गाडीत स्थिर वेगात 12.8 दिसलं म्हणून अल्टरनेटर बदलू नका. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून पुन्हा मोजा.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, अशी तक्रार असेल तर गळती मोजा. मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर, निगेटिव्ह केबल आणि खुंटी यांच्या मध्ये. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबायचं, कारण आतले संगणक झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर लावलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज जातो. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. तेवढ्यानेही दिवसाला 1.2 एएच जातात, म्हणजे 35 एएचची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम 250 मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला 6 एएच. तिथे बॅटरीचा काय दोष?

डिजिटल टेस्टर: चांगला, पण आकडा नीट भरला तर

कॉनवेईचा केडब्ल्यू 208, ॲन्सेलचा बीए 101 या जातीची यंत्रं ऑनलाइन मिळतात. यांना स्वतःची वेगळी बॅटरी लागत नाही, गाडीच्या बॅटरीवरच चालतात. छोटासा विद्युत संकेत देऊन बॅटरीचा अंतर्गत रोध मोजतात आणि त्यावरून सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फला किती अँपिअर देता येतील, याचा अंदाज काढतात. बॅटरीवर ताण येत नाही आणि काही सेकंदांत उत्तर मिळतं. केबल काढायचीही गरज नाही, फक्त चिमटे बोल्टवर न लावता शिशावर लागले पाहिजेत.

गोम अशी, की मूळ सीसीए तुम्हाला भरावा लागतो. आपल्याकडच्या अनेक बॅटऱ्यांच्या लेबलवर एएच ठळक असतं, सीसीए शोधावा लागतो किंवा नसतोच. 35 एएचच्या बॅटरीला सीसीए साधारण 300 च्या आसपास असतो. तिथे कोणी 500 भरले तर नवीकोरी बॅटरीही "बदला" दाखवते. दुकानात तपासणी चालू असताना पडद्यावर कोणता आकडा आणि कोणता प्रकार निवडलाय (साधी, की स्टार्ट-स्टॉप गाड्यांसाठीची ईएफबी किंवा एजीएम) ते पाहायचं, हा सगळ्यात स्वस्त बचाव.

यंत्राचा खरा फायदा मिळतो नवी बॅटरी बसवली त्या दिवशी. तेव्हाचा सीसीए आणि मिलिओहम (अंतर्गत रोधाचा आकडा) लिहून ठेवायचे आणि दर सहा महिन्यांनी तेच यंत्र, तशीच सकाळची वेळ. टक्केवारी विसरा, घसरण पाहा. मूळ आकडा 310 असेल आणि 290, 280 असा हळू उतरत असेल तर काळजी नाही. एका हंगामात 200 वर आला तर पुढच्या थंडीआधी बदलायची तयारी ठेवा.

एक उणीव मात्र या यंत्रात आहेच. रोध चांगला असूनही क्षमता घटलेली असू शकते. अशी बॅटरी सेल्फ झोकात मारते, पण अर्धा तास म्युझिक सिस्टिम लावली की बसते. टेस्टर तिला पास करतो. एकाच गाडीच्या मालकाने हे यंत्र घ्यावं का? मल्टिमीटर असेल तर गरज नाही. सोसायटीत किंवा घरात तीन-चार गाड्या असतील तर जरूर घ्यावं.

दुकानातली फुकट तपासणी

जुन्या बॅटरीवाल्याकडे काटा असलेला लोड टेस्टर असतो. आतली तार लाल होते, थोडा वास येतो आणि बॅटरीतून शंभरेक अँपिअर ओढले जातात. दिसायला ओबडधोबड, पण निकाल देण्यात हाच सर्वांत खरा. नियम असा: सीसीएच्या निम्मा भार, 15 सेकंद, आणि साधारण 21 अंश तापमानाला व्होल्टेज 9.6 च्या वर. काटा एका जागी धरून राहिला तर बॅटरी जिवंत. सेकंदागणिक खाली सरकत गेला तर नाही. एखाद्या सेलमधून बुडबुडे उसळले तर तो सेल गेलाय. नुकत्याच चार्जिंगवरून काढलेल्या बॅटरीवर हा टेस्टर लगेच लावू नये, वर साठलेल्या हायड्रोजनला ठिणगी लागू शकते.

ज्या दुकानात हा टेस्टर आहे आणि "आज ठेवून जा, चार्ज करून उद्या सांगतो" असं म्हणतात, त्या दुकानाला पूर्ण गुण. घरी येऊन बॅटरी बसवून देणाऱ्या सेवा रस्त्यात अडकल्यावर उपयोगी आहेत, पण त्यांच्या माणसाकडे चार्जिंगला वेळ नसतो. त्याची तपासणी ही विक्रीची पहिली पायरी असते, निदान नव्हे.

मग बदलायची कधी?

आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाने, आणि उघडी पडते थंडीत. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात वाढलेली बॅटरी तीन वर्षांत दमते, तशीच बॅटरी मावळात पाच वर्षंही जाते. तीन वर्षांनंतर मे आणि नोव्हेंबरमध्ये तपासणी करा. सेल्फ जड फिरणं, दार उघडताच दिवा मंद होणं, चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट-कट, ही ओळखीची लक्षणं. त्याआधीचं एक लक्षण फार जण ओळखत नाहीत: सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद व्हायचं थांबतं. अशा गाडीत ईएफबी किंवा एजीएमच टाकायची. साधी बॅटरी पैसे वाचवते आणि लवकर बसते. कवच फुगलं असेल, तडा गेला असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मोजमाप करत बसू नका. विजेवर चालणाऱ्या गाडीतही 12 व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, आणि ती बसली तर मोठा पॅक भरलेला असूनही गाडी चालू होत नाही.

नवी घेताना आकाराचा कोड जुन्यासारखाच हवा. 38B20L मधला शेवटचा एल खुंट्यांची दिशा सांगतो. तिथे आर आला तर केबल पोचत नाही. दुकानातच मीटर लावा, 12.5 च्या खाली असेल तर दुसरी मागा, ती शेल्फवर फार दिवस पडून होती. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्या आणि तिची वजावट बिलावर वेगळी लिहून घ्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, शिवाय शिशाला भाव आहे. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि बॅटरीचा क्रमांक दुकानातच भरून शिक्का मारून घ्या. "48 महिने" छापलेलं असेल तर त्यातले फुकट बदलून मिळण्याचे किती आणि सवलतीचे किती ते विचारा. वॉरंटीत बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा पहिल्या बॅटरीची उरलेली मुदतच लागू होते, नवी सुरू होत नाही.