पाच कवट्यांचा संच: कवट्या जरूर घ्या, सोबतचा तक्ता भिंतीवर लावू नका

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मागच्या जुलैत स्वतःच्या पैशांनी ऑनलाइन एक संच मागवला. कासव, घोरपड, मगर, कोंबडी आणि कुत्रा अशा पाच प्लास्टिकच्या कवट्या, सोबत एक पुस्तिका आणि भिंतीवर लावायचा तक्ता. कुरिअरसकट चार हजार सहाशे पडले. वर्षभर हा संच चार तुकड्यांच्या हातांतून फिरला, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

प्लास्टिकच्या का, खऱ्या का नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं गेलंच. घोरपड आणि मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. रानात कवटी सापडली तरी ती उचलून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवता येत नाही. तेव्हा मुलांच्या हातात काही द्यायचं तर हाच मार्ग.

माल चांगला आहे. फोमच्या खाचांत कवट्या घट्ट बसतात. कुत्र्याच्या जबड्याला स्प्रिंग आहे, बाकीच्यांचे जबडे वेगळे काढता येतात. मगर लहान मापाची आहे, तिचा एक दात दुसऱ्याच आठवड्यात तुटला, फेविक्विकने बसला. कोंबडीची चोच नाजूक आहे, ती मी शेवटच्या तासालाच बाहेर काढते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी मी कवट्या काढल्याच नाहीत. आधी सगळ्यांना मूठमूठ फुटाणे वाटले आणि सांगितलं, कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि चावा. बोटांखाली स्नायू टचटच फुगतो. तो स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीआतून खाली जबड्याला जाऊन चिकटतो. त्याला वाट द्यायला कवटीच्या बाजूला एक खिडकी आहे, प्रत्येक बाजूला एकच. मग कुत्र्याची कवटी फिरवली आणि त्यानंतर मगरीची. मगरीच्या सपाट माथ्यावर दोन गोल भोकं आहेत आणि डोळ्यांमागे बाजूला आणखी एक जोडी, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन खिडक्या. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ ऑस्बॉर्न यांनी १९०३ साली याच खिडक्या मोजून सिनॅप्सिड (एका खिडकीचे) आणि डायाप्सिड (दोन खिडक्यांचे) ही नावं दिली. पाठ्यपुस्तकातल्या ह्या दोन शब्दांनी मुलं दरवर्षी घाबरतात. यंदा कुणी घाबरलं नाही. एकीने तर मगरीच्या खिडकीतून करंगळी घालून आतून बाहेर काढून दाखवली.

दोष घोरपडीत आहे. घोरपडीच्या कवटीत खालच्या खिडकीला खालून चौकट नसते, ती बाजू मोकळीच असते. सरड्यांच्या कुळातून ती हाडाची पट्टी फार पूर्वी नाहीशी झाली. या संचातल्या घोरपडीला मात्र ती पट्टी आहे. न्यूझीलंडच्या टुआटारा या सरड्यासारख्या प्राण्याला असते तशी. साच्यात राहिलेलं प्लास्टिक असावं असं समजून मी ब्लेडने कापून टाकलं, तर दुसऱ्या बाजूलाही तेच, अगदी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्यांनी बदलून द्यायची तयारी दाखवली, पण बदली कवटीतही पट्टी आहे का, याचं उत्तर आलं नाही. मी दुसरी बाजूही कापली. आता ती बरोबर आहे.

पुस्तिका आणि तक्त्याबद्दल मात्र मला मनापासून तक्रार आहे. तक्त्यावर एक शिडी काढली आहे: मासा, बेडूक, सरडा, उंदीर, माणूस. खाली लिहिलंय, ‘सरीसृपांपासून सस्तन प्राणी निर्माण झाले.’ हे वाक्य मीही शाळेत पाठ केलं होतं, म्हणून ते किती खोल रुतून बसतं हे मला माहीत आहे. सरडा आपला आजोबा नाही. मूळ घर एक होतं, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातल्या जॉगिन्सच्या कड्यात सापडलेल्या हायलोनोमस या सरड्यासारख्या आदिम प्राण्याच्या काळाच्या आसपासचं, म्हणजे सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचं. त्या घराच्या दोन पात्या झाल्या. एका पातीत पुढे सस्तन प्राणी आले. दुसरीत सरडे, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी. दोन्ही पात्या तितक्याच जुन्या आहेत, कुणी कुणाच्या पोटी जन्मलं नाही. त्याच तक्त्यावर पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन डायनोसॉरच्या रांगेत उभा केलाय. तो आपल्या पातीतला आहे, कानशिलाला एकच खिडकी असलेला, आणि पहिल्या डायनोसॉरच्या काही कोटी वर्षं आधीच संपलेला.

पक्षी तर पुस्तिकेने सरीसृपांपासून पार तोडून वेगळ्या पानावर टाकलेत. मगर सरड्यापेक्षा कोंबडीला जवळची आहे. हृदयाचे चार कप्पे मगरीलाही आहेत. ‘सरीसृप’ म्हणायचं आणि पक्षी वगळायचे, तर ते भाऊबंदांतल्या एका घराचं नाव सातबाऱ्यावरून गाळल्यासारखं होतं. कासवाला खिडकीच नाही म्हणून पुस्तिका त्याला सगळ्यांत जुना, वेगळा गट ठरवते. कवटीला खरंच भोक नाही, मागून खोल खाचा तेवढ्या आहेत. पण जर्मनीत सापडलेल्या पॅप्पोकेलिस या सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाच्या नातलगाला कानशिलाशी खिडक्या होत्या, हे २०१५ साली जाहीर झालं. आजच्या कासवांची जनुकंही मगर-पक्ष्यांशी जवळीक दाखवतात. खिडक्या होत्या, पुढे बुजल्या. वर्गीकरण बदलतं, यात लाज काही नाही. लिनियसने १७५८ साली बेडूक, साप आणि कासव एकाच गटात घातले होते. पण २०१५ नंतर छापलेल्या पुस्तिकेत जुनंच उतरवून ठेवायचं हे मला पटत नाही.

एक गोष्ट या संचात नाही आणि तिच्याशिवाय आपल्या पातीची कहाणी अर्धीच राहते. ती म्हणजे कानातली हाडं. घोरपडीचा खालचा जबडा हातात घ्या. तो एका हाडाचा नाही, प्रत्येक बाजूला सहा-सात हाडांचा जोड आहे, आणि संचात त्या जोडांच्या रेषा सुरेख कोरल्या आहेत. अगदी मागचं हाड म्हणजे आर्टिक्युलर. कवटीवरून खाली लोंबणाऱ्या क्वाड्रेट नावाच्या हाडाला ते टेकतं, तिथे जबड्याची बिजागरी. आता कुत्र्याचा जबडा घ्या. प्रत्येक बाजूला एकच हाड. बाकीची कुठे गेली? जर्मन शरीररचनातज्ज्ञ रायशर्ट यांनी १८३७ साली डुकरांचे गर्भ तपासून उत्तर दिलं: ती मधल्या कानात गेली. आर्टिक्युलरची हातोडी झाली, क्वाड्रेटची ऐरण. रिकीब हे कानातलं तिसरं हाड आधीपासून होतंच, ते घोरपडीलाही आहे. मॉर्गन्युकोडॉन नावाच्या, साधारण २० कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या प्राण्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही बिजागऱ्या शेजारी-शेजारी सापडतात.

हे दाखवायला मी बाजारातल्या खाटकाकडून बोकडाची मुंडी आणली, घरी उकळली, कानामागची फुगीर हाडाची कुपी फोडली आणि सुईने हातोडी-ऐरण काढली. तांदळाच्या दाण्याएवढी हातोडी. काळ्या कागदावर ठेवून भिंग दिलं. वर्ग इतका शांत झाला की बाहेरच्या हापशाचा आवाज येत होता. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे आपण जबड्यानं ऐकतो?” मी म्हटलं, “हो, तुझ्या पूर्वजांच्या जबड्यानं.” बोकडाचा आणखी एक उपयोग झाला. कुत्र्यात डोळ्याची खोबण आणि कानशिलाची खिडकी एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे मुलं गोंधळतात. बोकडात मध्ये हाडाची स्वच्छ पट्टी आहे. या संचात कुत्र्याऐवजी बोकडच हवा होता.

या दोन्ही पात्यांना मिळून ‘ॲम्निओट’ म्हणतात, म्हणजे गर्भाभोवती ॲम्निऑन नावाचं आवरण असणारे प्राणी. पुस्तिकेत या शब्दाची व्याख्या अडीच ओळींत उरकली आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, ॲम्निऑन म्हणजे पाणमोट का? आमच्या गाईची फुटते ते?” तेच. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाभोवती तीच पाणमोट असते. अंड्यातल्या ज्या आवरणातून पिल्लू श्वास घेतं, त्याचीच गाईत पुढे वार झाली. ज्या पोरीने रात्री दोन वाजता गोठ्यात कंदील धरलाय, तिला पाण्याबाहेर अंडं घालणं म्हणजे काय, हे व्याख्येतून सांगावं लागत नाही.

आमच्या मुलांसाठी हा विषय परका नाही. सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून ज्या खडकांना नाव पडलं, त्याच खडकांत बारापासॉरस टागोराय हा प्रचंड डायनोसॉर सापडला. पहिलं उत्खनन टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात झालं म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. त्याच कोटा खडकांतून कोटाथेरियम या सस्तन प्राण्याचा चिमुकला दात निघाला आणि १९८१ साली त्याची नोंद झाली. दोन्ही पात्या एकाच खडकात. तक्त्याच्या जागी मी आता प्राणहितेचा नकाशा लावला आहे.

पैसे कमी असतील तर विक्रेत्याकडून मगर आणि घोरपड सुट्या मिळतात, तेवढ्या घ्या. घोरपडीची पट्टी कापायला विसरू नका. बाकीचं काम मुंडी करते. बोकडाची हातोडी आणि ऐरण मी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घालून, कुत्र्याच्या खाचेत जबड्याखाली ठेवली आहेत.