आरटीएल-एसडीआर डोंगल: मुंबईच्या गच्चीवर हायड्रोजनचा सूर

हेडफोन लावून ताऱ्यांचं गाणं ऐकायचं असेल तर हा डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, घेऊ नका, कानावर नुसती खरखर येईल. पण त्याच खरखरीत १४२०.४ मेगाहर्ट्झला आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सूर दडलेला असतो आणि लॅपटॉपच्या आलेखावर तो काढून दाखवायचं काम हे पेनड्राइव्हएवढं यंत्र चोख करतं. एकेका अणूची हा सूर सोडायची पाळी सरासरी १ कोटी १० लाख वर्षांनी येते. अणूच इतके अफाट की सूर तुटत नाही. खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण हाच सूर ४५ मीटरच्या ३० डिशनी ऐकते.

गुरू ग्रहाच्या नादी मुंबईत लागू नये. २० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या त्याच्या रेडिओ लहरी इथे एलईडी दिवे, लिफ्ट आणि चार्जरच्या गोंगाटात बुडतात. हायड्रोजनचा १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा मात्र जगभर राखीव आहे, तिथे प्रसारणालाच बंदी. पावसाळी ढगही हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीला अडवत नाहीत.

त्रास होतो तो मोबाइल टॉवरचा. ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झचे दणदणीत सिग्नल डोंगलच्या ८ बिटी एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपला) गुदमरवतात, म्हणून १४२० चा सॉ फिल्टर (बाकीच्या लहरी गाळणारी चाळणी) असलेला एलएनए, म्हणजे कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर, हवाच. तो अँटेनाला लागूनच बसवा. लांबलचक केबलनंतर लावला तर वाटेत गेलेला सिग्नल परत येत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. एलएनएला वीज केबलमधूनच मिळते. आलेख मेल्यासारखा दिसला तर आधी सॉफ्टवेअरमध्ये बायस-टी (केबलमधून वीज सोडायची सोय) चालू आहे का ते बघा.

अँटेना म्हणून जाळीची २.४ गिगाहर्ट्झची वायफाय डिश चालते. रोख माथ्याकडे ठेवा, आकाश तासाला १५ अंश आपोआप सरकतं. किमान पाच मिनिटांची सरासरी घ्या. मग एलएनएच्या तोंडाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर (रोधाचं टोपण) लावून तेवढाच वेळ कोरं मोजमाप करा आणि पहिल्याला त्याने भागा. हे टाळलं की फिल्टरचाच उंचवटा हायड्रोजन म्हणून मिरवला जातो! खरा उंचवटा आकाशगंगा माथ्यावर आली की फुगतो, कधी दोन शिखरंही दिसतात: आकाशगंगेच्या वेगवेगळ्या वेगाच्या भुजा, कारण वेगाने सूर किंचित सरकतो.

टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी न ढळणारा वारंवारतेचा स्फटिक) नसलेले स्वस्त डोंगल इथे बाद. ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भागांची) चूक म्हणजे ७१ किलोहर्ट्झ, म्हणजे हायड्रोजनच्या वेगात सेकंदाला १५ किलोमीटरची थाप. लॅमिंग्टन रोडला घेताना धातूचं कवच आणि १ पीपीएम टीसीएक्सओ बघूनच पैसे द्या.