गच्चीवरचा सौरसंच: काम चोख, व्यवहार तपासून घ्यावा

साताऱ्यातील आमच्या घरावर बसवलेल्या सौरसंचाला नुकतेच वर्ष झाले. तो बसवणाऱ्या स्थानिक कंपनीचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार मिटली आहे आणि ती कशी मिटली हेच इतरांच्या उपयोगाचे आहे.

संच 540 वॅटच्या सहा पॅनेलचा, म्हणजे 3.24 किलोवॉटचा आहे. एकूण खर्च 1,95,000 रुपये आला आणि पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांचे अनुदान थेट माझ्या बँक खात्यात जमा झाले. संच याहून मोठा घेतला तरी घरगुती ग्राहकाचे अनुदान वाढत नाही, त्यामुळे त्या आमिषाने पाच किलोवॉट गळ्यात मारू पाहणाऱ्याला तिथेच थांबवावे.

प्रत्यक्ष कामाला नावे ठेवायला जागा नाही. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्या डिसेंबरातच फिटर दुपारी तीन वाजता आला, पाण्याच्या टाकीची सावली त्याने खडूने गच्चीवर आखून घेतली आणि त्या रेषेबाहेरच सांगाडा उभा केला; एका पॅनेलवर सावली पडली तरी तिच्यामुळे सबंध रांगेची निर्मिती घटू शकते, हे त्याने न विचारता समजावले. अर्थिंगचे तीन खड्डेही वेगवेगळे घेतले. एप्रिलमध्ये दिवसाला 13 ते 14 युनिट मिळतात, जुलैच्या झडीत चारवरही समाधान मानावे लागते, आणि बिलातला स्थिर आकार काही सुटत नाही.

एक गोष्ट मात्र विक्रीच्या वेळी सांगायला हवी होती. वीज गेली की बॅटरी नसलेला असा संच भर उन्हातही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. ती योग्यच आहे, पण आम्हाला ती पहिल्या भारनियमनात, बंद पंख्याखाली बसून कळली.

आता व्यवहाराकडे. अनुदानासाठी पॅनेलमधील सौरघटसुद्धा (वीज तयार करणारे सेल) भारतात तयार झालेले असावे लागतात आणि असे पॅनेल महाग पडते. कंपनीच्या प्रतिनिधीने चहा घेता घेता सुचवले की आयात घटांची पॅनेल घेतल्यास 30,000 रुपये वाचतील, ‘कागदांचं आम्ही बघतो, काका, सगळे असंच करतात.’ जे अनुदान करदात्यांच्या पैशातून येते ते खोट्या कागदावर उचलायचे आणि वर पर्यावरणाची सेवा केली म्हणून मिरवायचे, हे मला जमणारे नव्हते, म्हणून मी नकार दिला. तरीही मनात पाल चुकचुकलीच. पॅनेल आली तेव्हा ती सांगाड्यावर चढण्यापूर्वी मी प्रत्येकाचा अनुक्रमांक वहीत उतरवून भारतीय घटांच्या पॅनेलच्या यादीशी ताडून पाहिला. पाच जुळले, सहावा जुळला नाही. गोदामातली चूक असेलही. अकराव्या दिवशी पॅनेल बदलून मिळाले, आणि त्याबद्दल कंपनीने हुज्जत घातली नाही हेही नोंदवले पाहिजे. पुढे नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, बसवायच्या वेळी त्याच प्रतिनिधीने 3,000 रुपये ‘वरखर्च’ मागितला. पावती द्याल का, एवढेच विचारले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

योजनेनुसार पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते. वर्षभरात दोन फेऱ्या झाल्या, पैकी दुसरी चार वेळा फोन केल्यावर. कबुतरांची घाण आम्हीच सकाळी ऊन चढण्यापूर्वी साध्या पाण्याने धुतो. जुनी झालेली पॅनेल 2022 च्या ई-कचरा नियमांत मोडतात, मग पुढे ती परत घेणार कोण, असे मी लेखी विचारले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. पाचपैकी साडेतीन तारे देतो. फिटर एकटा असता तर पाच दिले असते.