हॉलंड की बेल्जियम? आधी प्रश्न ठरवा

इतिहासाच्या प्रबंधासाठी हॉलंड (म्हणजे नेदरलँड्स) घ्यावा की बेल्जियम, हा इथला प्रश्न. दोन्ही देशांचा आधुनिक इतिहास बऱ्याचदा एकाच दमात शिकवला जातो. पण प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली की कुठल्या तरी एका बाजूला झुकावंच लागतं, आणि तिथे पहिली अडचण भाषेची. नेदरलँड्ससाठी डच पुरते. बेल्जियमला डच आणि फ्रेंच दोन्ही लागतात. १८३० साली बेल्जियम नेदरलँड्सपासून वेगळा झाला तो फ्रेंच बोलणाऱ्या वरच्या वर्गाच्या हातात. कायद्याच्या डच मजकुराला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा मिळायला १८९८ उजाडलं आणि गेंटचं विद्यापीठ पूर्ण डच माध्यमाचं झालं ते १९३० मध्ये. म्हणजे फ्लेमिश, अर्थात बेल्जियममधल्या डच भाषकांच्या, चळवळीवर लिहायचं तरी फ्रेंच कागद टाळता येत नाहीत.

नेदरलँड्सची जमेची बाजू म्हणजे तिथलं दप्तर. डेल्फर या संकेतस्थळावर जुन्या वर्तमानपत्रांची लाखो पानं फुकट वाचता येतात, त्यामुळे बरीच तयारी पुण्यात बसून होते. तिथे सध्या तापलेला विषय वसाहतींचा: इंडोनेशियातलं १९४५ ते १९४९ चं युद्ध आणि सुरिनाममधली गुलामगिरी, जिच्याबद्दल तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांनी डिसेंबर २०२२ मध्ये माफी मागितली. १८७३ पासून सुरिनामला नेलेल्या भारतीय गिरमिटियांचे (करारावर नेलेल्या मजुरांचे) वंशज आज द हेगमध्ये मोठ्या संख्येने राहतात. त्यांची सरनामी बोली हिंदीच्या आधाराने आपल्याला थोडीफार कळते, हा फायदा कमी समजू नका. (वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहून या विषयाकडे वळला असाल, तर तो सतराव्या शतकाचा मामला. त्यासाठी जुनी हस्ताक्षरं वाचायला वेगळं शिकावं लागेल.)

बेल्जियमकडेही त्याच्या वसाहतीचा, काँगोचा, काळा अध्याय आहेच. पण ‘अस्मिता’ हाच तुमचा प्रश्न असेल, तर तिथली खरी शाळा भाषावादाची. १९६८ मध्ये ‘वालोन (म्हणजे फ्रेंच भाषक) बाहेर’ अशा घोषणांनंतर डच भाषक भागातल्या ल्यूव्हनचं जुनं विद्यापीठ दुभंगलं. फ्रेंच भाग भाषासीमेपलीकडे वसवलेल्या नव्या गावात गेला. ग्रंथालयाच्या वाटण्या झाल्या तेव्हा अनेक पुस्तकं म्हणे सम-विषम क्रमांकांवर वाटली गेली. त्याआधी, १९६२-६३ मध्ये भाषासीमा कायद्याने आखताना फुरेन नावाची मूठभर खेडी लिएज प्रांतातून काढून लिम्बर्गला जोडली, आणि त्या गावांच्या भांडणात १९८७ साली केंद्रातलं सरकार पडलं. भाषावार जनगणना तर १९४७ नंतर झालीच नाही, कारण आकडे आले की सीमा हलायची. बेळगावचा प्रश्न ऐकत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शाळा, वर्तमानपत्र, कामगार संघटना सगळं आपापल्या पंथाचं किंवा विचाराचं, ही ‘खांबां’ची समाजरचना मात्र दोन्हीकडे होती. तेवढ्यासाठी देश निवडू नका.

माझा कल बेल्जियमकडे. डच माणूस स्वतःची ओळख बराच काळ गृहीत धरून चालला. बेल्जियममध्ये मात्र पाटी कोणत्या भाषेत लावायची इथपर्यंत ती कायद्यात लिहावी लागली, म्हणून ती कागदावर सापडते. पण फ्रेंच अजिबात येत नसेल आणि हाताशी एकच वर्ष असेल, तर सरळ नेदरलँड्समधलं लायडन विद्यापीठ गाठा. तिथून ल्यूव्हन रेल्वेने काही तासांवर आहे. फ्रेंच सुधारली की जाता येईल.