मूळ भाषेतून साहित्य वाचायला किंडल: कुठल्या भाषेला चालतं, कुठल्या नाही

सोलापुरात नवी पेठ पालथी घातली तरी मूळ फ्रेंच कादंबरी हाती लागणं कठीण, आणि क्लाससाठी पुणं अडीचशे किलोमीटरवर. म्हणून भाषा निवडतानाच तिची पुस्तकं आणि कोश घरबसल्या मिळतात का, हे बघावं. किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र याच कसोटीवर तपासलं.

फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनला पैसे वसूल. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, तोही इंग्रजीत. मराठीची आशा नको. रूप बदललेल्या क्रियापदाचा मूळ धातूही बहुधा सापडतो. फ्रेंचला हे फार उपयोगी, कारण कादंबऱ्यांतला साधा भूतकाळ बोलण्यात जवळपास नसतो आणि संभाषणाच्या क्लासात तो उशिरा शिकवतात. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला सर्वनामं चिकटली की कोश कधी कधी हात वर करतो.

जर्मनची तीन लिंगं आणि विभक्त्या मराठी माणसाला नव्या नाहीत. गोची वेगळीच: क्रियापदाचा उपसर्ग तुटून वाक्याच्या टोकाला जातो. ‘फेंग्ट’वर बोट ठेवलं तर ‘पकडणे’ दिसतं. टोकाला ‘आन’ असेल तर अर्थ ‘सुरू होणे’ असतो. आधी वाक्याचा शेवट पाहायचा, मग बोट ठेवायचं.

प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची जुनी पुस्तकं फुकट आहेत. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवून ‘सेंड टू किंडल’ने पाठवायचं. इतर ठिकाणच्या फायलींत भाषेची नोंद बऱ्याचदा चुकीची असते. मग फ्रेंच पुस्तकाला इंग्रजी कोश उघडतो. पाठवण्याआधी कॅलिबर या ई-पुस्तकांच्या संगणक-प्रणालीमध्ये ‘लँग्वेज’चा रकाना दुरुस्त करावा. स्कॅन केलेल्या पीडीएफवर कोश चालतच नाही.

जपानीला घाई नको. नेहमीच्या वापरातल्या कांजीच २१३६ आहेत, आणि त्या यंत्राच्या भरवशावर पाठ होत नाहीत.

फारसीसाठी मात्र किंडल घेऊच नका. ज्यांना उर्दू वाचता येते (आपल्या शहरात असे कमी नाहीत) त्यांनी खरं तर फारसीच आधी घ्यावी: लिपी ओळखीची, लिंगभेद नाही, क्रियापद मराठीसारखं शेवटी. कविता गंजूर या संकेतस्थळावर मोफत आहेत. स्टाइनगासचा १८९२चा फारसी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या शेजारीच. माधव जूलियनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश मिळाला तर सोन्याहून पिवळं. ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने उच्चार चुकतो आणि वृत्त मोडतं. गंजूरवर बऱ्याच कवितांचं ध्वनिवाचन आहे, ते ऐकूनच ओळ वाचायला घ्यावी.