‘अचूक गणवेश-रंगां’च्या नावाखाली ८,८०० रुपये बुडाले, सावध राहा

मिनिएचर म्हणजे सैनिकांच्या चिमुकल्या मूर्ती रंगवणाऱ्या, विशेषतः ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. कारण त्यांच्या गणवेशांचे ‘अचूक’ रंग विकणारा हा माणूस अस्सल इथलं मराठी बोलतो, इथल्या कंपू भागात राहतो म्हणून सांगतो आणि ‘आपल्याच माणसाला फसवीन का?’ असं विचारतो.

१७ मिलीच्या २४ बाटल्या, नामांकित परदेशी कंपनीचं अ‍ॅक्रिलिक रंगांचं लेबल, बाटलीला २९० रुपये. आधी ६,९६० घेतले, मग ‘माल कस्टम्समध्ये अडकलाय’ म्हणून १,८४०. दर फार स्वस्तही नव्हता, म्हणून तर शंका आली नाही. आलं काय, तर रिकाम्या बाटल्यांत भरलेला पोस्टर कलर. नोझलच्या कडेला पक्कडीचे ओरखडे स्पष्ट दिसतात.

संताप येतो तो त्याच्या व्हिडिओचा. स्किनर्स हॉर्सचा २८ मिमी स्वार, पिवळा अंगरखा. शिंद्यांच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या जेम्स स्किनरने १८०३ मध्ये उभारलेलं हे घोडदळ. हा गृहस्थ चुण्यांतली सावली काढायला पिवळ्यात काळा मिसळत होता. चुण्या हिरवट झाल्या! पिवळ्याची सावली तपकिरीने काढतात. खाली ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा हात, वर पिवळ्याचे दोन-तीन पातळ हात. मग त्याने ओला ब्रश वाळलेल्या अंगरख्यावरून छातीच्या पांढऱ्या पट्ट्याकडे नेला आणि पट्टा पिवळा झाला. अ‍ॅक्रिलिक पूर्ण वाळलं की पाण्याने उठत नाही, पोस्टर कलर उठतो. सगळं तिथेच उघड होतं. ‘अजून ओलं आहे’ म्हणाला, आणि फोनच्या पडद्यावर ते कुणालाही पटलं असतं.

संचात ब्रिटिश पायदळासाठी लाल एकच. साध्या शिपायाचा लाल मंजिष्ठेच्या मुळांचा, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोचिनील किड्यांपासूनचा, लखलखीत. एकाच बाटलीत ‘शंभर टक्के अचूक’ लाल देणारा खोटं बोलतोय. कापड उन्हात विटायचं, रंगाचा प्रत्येक घाणा वेगळा उतरायचा.

ठाण्यात काय ऐकवलं? ‘खेळण्यांचे रंग ना? मिळाले ना? मग फसवणूक कसली?’ अर्जावर पोच द्यायला तयार नाहीत. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून ‘ग्राहक मंचात जा’. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे चोराने गोड बोलून पैसे काढले की तो चोरच नाही! आठ हजारांसाठी कोण हिंडणार, हे त्यालाही ठाऊक आहे आणि यांनाही.

पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. चॅट पुसू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आधी एक थेंब पांढऱ्या प्लास्टिकवर वाळवा, दुसऱ्या दिवशी ओल्या बोटाने घासा. कस्टम्सच्या नावाने वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको.

तेच संच आता दुसऱ्या नावाने ३२० च्या दराने फिरताहेत. फोटोत बाटल्यांखाली निळ्या चौकड्यांचं मेणकापड दिसलं तर तोच माणूस.