किल्टवर टोपी कोणती? ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या टोपीवाल्या काकांकडची खरेदी

पाचपैकी चार तारे. एक तारा गोंड्यांपायी कापलाय, ते पुढे येईलच.

शाळेच्या पाइप बँडच्या, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकाच्या, गणवेशाचं खातं माझ्याकडे आहे. एका माजी विद्यार्थ्याने मुलांना नवे किल्ट दिले, स्कॉटलंडचे ते गुडघ्यापर्यंतचे घागरे. लाल रॉयल स्टुअर्ट टार्टन, म्हणजे चौकटींचं लोकरी कापड, मागे भरगच्च चुण्या, पुढच्या पदराला उजवीकडे पिन, सगळं साग्रसंगीत. डोक्यावर काय, हे घोंगडं मात्र माझ्या गळ्यात आलं, आणि तोंडावर गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. कौपिनेश्वराच्या परिसरातून मार्च-एप्रिलच्या उन्हात वाजवत चालायचं, म्हणजे टोपी नुसती फोटोत चांगली दिसून भागत नाही.

आधी एका ऑनलाइन दुकानातून टोप्यांचे नमुने मागवले होते. काठावरच्या लाल-पांढऱ्या चौकटी विणलेल्या नाहीत, चक्क छापलेल्या. आतली पट्टी रेक्झिनची, घामाने कपाळाला चिकटणारी. वर त्यांचा आग्रह असा की किल्टच्याच टार्टनची टोपी घ्या, ‘मॅचिंग’ दिसेल. अहो, किल्ट एवढा बोलका असताना टोपीने गप्प बसायला हवं. गडद निळी किंवा काळी, बस्स. नमुने परत गेले.

काकांचं दुकान जांभळी नाक्यावरून बाजारात आत शिरलं की लागतं. पाटीवरचं नाव कोणी घेत नाही, टोपीवाले काका म्हटलं की भाजीवालीसुद्धा हात करून दाखवते. एनसीसीच्या बेरे, स्काउटच्या टोप्या, गांधी टोप्या, लग्नाचे तयार फेटे, असा सगळा माल छतापर्यंत. मी जुन्या बँडमधली एक झिजलेली ग्लेनगॅरी पुढे ठेवली.

“ताई, ही नेव्हीवाल्यांची का?”

“नाही हो काका, स्कॉटलंडची.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टोपी उलटी केली, ब्लेडने एक टाका उसवून आतलं कॅनव्हास बघितलं आणि थेट वर्तमानपत्रावर पॅटर्न कापायला घेतला. मला इथेच दुकान आवडलं.

ग्लेनगॅरी म्हणजे होडीच्या आकाराची, लांबट, चपटी घडी होणारी टोपी. माथ्यावर लोकरी गोंडा, डाव्या बाजूला बिल्ला, मागे दोन काळ्या फिती. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा ग्लेनगॅरीचे सरदार मॅकडोनेल यांनी ती मिरवली आणि तिथून ती चालली, असं मानतात. पुढे लष्कराने उचलली, आणि लष्कराकडून ती जगभरच्या पाइप बँडांच्या डोक्यावर आली. शाळेच्या दृष्टीने तिचं खरं मोल मागच्या चिरेत आहे. फिती जिथून सुटतात तिथे टोपी थोडी उघडी असते, त्यामुळे एकच माप दोन वर्षं पुरतं. सातवीतला पोरगा नववीत गेला तरी टोपी बसते. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी चिरेच्या दोन्ही कडांना आतून पट्टी मारून दिली, जुन्या टोपीत ती नव्हती आणि तिथेच ती फाटायची.

कापड त्यांनी हलकं वूलन सर्ज लावलं, आतून सुती अस्तर, कपाळाला सुती पट्टी. चौकटीचा काठ विणलेला मिळेना, तेव्हा मीच म्हटलं, काठ नकोच, साधी ठेवा. साध्या ग्लेनगॅरीही तिकडे सर्रास घालतात. रिबीन मात्र बारीक आडव्या धारांची, जाड घेतली. सॅटिनची घेतली असती तर वाऱ्यावर मुलींच्या वेणीत गेली असती.

बॅल्मोरल ही दुसरी स्कॉटिश टोपीही करून पाहिली. ती गोल, सपाट माथ्याची, मधोमध गोंडा, आणि घालताना माथा उजवीकडे ओढायचा म्हणजे डावीकडचा बिल्ला दिसतो. मोठ्या माणसांना ती फार शोभते, चेहरा रुंद असेल तर ग्लेनगॅरीपेक्षा बरी. पण तिला घट्ट दाबलेली लोकर लागते. काकांच्या सर्जमध्ये ती शिळ्या घावनासारखी कानावर लोंबली. ती त्यांच्याकडून करून घेऊ नका.

आता मुख्य वाद. मुख्याध्यापकांचं म्हणणं, पाडवा आहे, किल्टवर फेटाच हवा. कल्पना वाह्यात नाही. मलेशियातला श्री दशमेश पाइप बँड किल्टवर पगडी बांधूनच वाजवतो आणि रुबाबदार दिसतो. आपल्या लष्करातही कितीतरी पलटणींचे पाइपवाले पगडीत असतात. काकांनी दुकानातच एका पाइपवाल्या मुलाला फेटा बांधला आणि मी त्याला पाइप खांद्यावर घ्यायला लावला. पाइपचे ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या लांब नळ्या, डाव्या खांद्यावरून डोक्याच्या कडेने वर जातात. फेट्याचा फुगवटा बरोब्बर त्यांच्या आड येतो. पोरगं मान उजवीकडे कलती ठेवून वाजवायला लागलं, आणि शेमला मागून ड्रोनच्या दोरीत अडकला. शेमला उजवीकडे घेतला, घेर आवळला, तरी मान सरळ होईना. शिखांची पगडी घट्ट, चापून बसलेली असते. कोल्हापुरी फेट्याचा थाटच फुलण्यात आहे. ग्लेनगॅरी कडेने सपाट असते, तिचा ड्रोनला स्पर्शही होत नाही. दुकानाच्या आरशासमोर हे एकदा बघितलं की वाद उरत नाही.

मुख्याध्यापकांचा मानही राहिला. बँडच्या पुढे दंड घेऊन चालणाऱ्या ड्रम मेजरच्या खांद्यावर काहीच नसतं, तिला भगवा फेटा बांधला. काकांचा मुलगा पहाटे शाळेत येऊन बांधून गेला, त्याचे पैसे वेगळे. फेटा शेवटपर्यंत हलला नाही.

पोरांनी टोपीत मोरपीस खोवायची परवानगी मागितली, ती दिली नाही. स्कॉटलंडमध्ये टोपीतलं गरुडाचं पीस हुद्दा सांगतं. कुळाच्या प्रमुखाला तीन, त्याखालच्या सरदाराला दोन, स्वतःचं मानचिन्ह असलेल्याला एक. हे ऐकल्यावर सगळ्यांनाच तीन पिसं हवी झाली, तेही नाही म्हटलं.

आता गोंडे. लाल गोंडे काकांनी बाहेरून करून आणले, सिंथेटिक दोऱ्याचे, आणि एकाच टाक्यावर लावले. तालमीतच दोन गळून पडले. तक्रार केल्यावर सगळे पुन्हा घट्ट लावून दिले, कुरकुर न करता, पण दोरा तोच राहिला आणि तो लगेच पिंजारतो. तुम्ही गेलात तर गोंडे लोकरीचे हवेत असं आधीच बजावा, किंवा घरी विणा.

घालायची पद्धत काकांना ठाऊक नसणारच, ती मुलांना शिकवावी लागते. कड भुवईच्या वर साधारण दोन बोटं, टोपी किंचित उजवीकडे, फिती मानेमागे सरळ. मागे सरकवून घातली की टपरीवर उभं राहिल्यासारखं दिसतं.

एका पालकांनी विचारलं म्हणून लिहिते. संध्याकाळच्या समारंभाला काळ्या आखूड प्रिन्स चार्ली जॅकेटवर किल्ट घालणार असाल तर बहुतेक जण टोपी घालतच नाहीत. खर्च वाचला.

एका टोपीला साडेचारशे पडले, बिल्ला आमचा. निम्मे पैसे आधी, बिल मागितलं की मिळतं. कबूल तारखेपेक्षा माल उशिरा येतो, तेव्हा आठवडाभर अलीकडची तारीख सांगा. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा, आणि मापं सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. काका इंच सांगतात, टेप सेंटिमीटरची वापरतात.